शून्य दिवसाची तयारी

२० मार्च ही तारीख महाडच्या मुलांना वेगळी सांगावी लागत नाही. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आजही त्या दिवशी महाडचे रस्ते माणसांनी भरून जातात. याच तारखेला, बरोबर ५६ वर्षांनी, मुंबईत आणखी एक घटना घडली. तिथे गर्दी नव्हती, भाषणे नव्हती. २० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीच्या शिरेत तिच्या भावाच्या हाडांतून काढलेला तांबडा द्रव नळीवाटे सोडण्यात आला. मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. भारतातले ते पहिले यशस्वी अस्थिमज्जा-प्रत्यारोपण. यालाच आता मूलपेशींचे प्रत्यारोपण असेही म्हणतात.

डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. अडवाणींना आठव्या वर्षी पोलिओ झाला होता. तेव्हापासून त्यांचा सारा वावर चाकांच्या खुर्चीतून. तरीही अमेरिकेत सिअॅटलला जाऊन ते ही विद्या शिकून आले. तिथे त्यांना डॉ. डोनल टॉमस यांचे मार्गदर्शन मिळाले. टॉमस यांनी १९५६ साली जुळ्या भावंडांपैकी एकाची मज्जा दुसऱ्याला देण्याचा प्रयोग यशस्वी केला होता. पुढे १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे डॉक्टरांना अडले तर विचारायला कोणीतरी होते. पण त्या नऊ वर्षांच्या मुलीने कोणाला विचारायचे? “खूप दुखते का? केस परत येतात का? या खोलीत किती दिवस राहायचे?” या वाटेने जाऊन सुखरूप परत आलेले, तिच्या भाषेत बोलणारे माणूस तेव्हा देशात नव्हते. आज तशी माणसे आहेत. प्रत्यारोपणाच्या तयारीत त्यांचाही वाटा असतो. तो कोणता, हे कळायला आधी ही तयारी म्हणजे काय ते पाहू या.

हाडांतला कारखाना

मटणाच्या रश्श्यातली नळी चोखलेल्यांना मज्जा ओळखीची असेल. हाडाच्या पोकळीतला तो मऊ गर. आपल्याही हाडांत तो असतो. लहान मुलांच्या जवळजवळ सगळ्या हाडांत तांबडी मज्जा असते. मोठेपणी ती मुख्यतः कमरेचे हाड, छातीचे हाड, बरगड्या, मणके आणि कवटी यांत उरते. रक्तातल्या पेशी तयार होतात त्या इथे. कारखाना असा, की त्याला रविवारची सुट्टीसुद्धा नाही. मोठ्या माणसाच्या मज्जेत दर सेकंदाला २० लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात. हे वाक्य तुम्ही वाचून पुरे करीपर्यंत तुमच्या आईच्या रक्तात कोटभर नव्या पेशी आलेल्या असतील!

एवढा माल कशाला लागतो? कारण पेशी मरतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. रक्त गोठायला मदत करणारी बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, आठदहा दिवस. जंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी तर रक्तात एक दिवसही टिकत नाहीत. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

या सर्व पेशींची आई एकच, ती मूलपेशी. तिच्या अंगी दोन गुण असतात. ती स्वतःसारख्या आणखी मूलपेशी तयार करू शकते आणि हवी ती रक्तपेशीही घडवू शकते. कॅनडातल्या टोरांटो शहरात टिल आणि मॅककलक या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून १९६१ साली हे दाखवून दिले. पण याच कारखान्यात बिघाड झाला तर? रक्ताच्या कर्करोगात बिघडलेल्या पेशी बेसुमार वाढतात. थॅलॅसेमियात तांबड्या पेशी धड घडतच नाहीत आणि मुलाला दर दोनचार आठवड्यांनी बाहेरचे रक्त द्यावे लागते. अशा वेळी काही रुग्णांसाठी जुना कारखाना रिकामा करून नवा बसवणे हाच उपाय उरतो.

राब, चिखलणी आणि लावणी

हे काम कसे चालते ते समजायला महाड-पोलादपूरच्या मुलांना लांब जायला नको. घरचे भातशेत पुरे. उन्हाळ्यात राबाच्या जागेवर कवळ, पालापाचोळा, शेण पसरून ती भाजतात. तणांचे बी जळून जाते. पहिल्या पावसाबरोबर तिथे भाताचे बी पेरतात. रोपे हातभर झाली की चिखलणी केलेल्या खाचरात त्यांची लावणी होते. लावणीनंतर काही दिवस शेताकडे पाहवत नाही. रोपे माना टाकतात, पिवळी पडतात. नवशिक्याला वाटते, गेले पीक! जाणता शेतकरी म्हणतो, थांब, रोप अजून धरायचे आहे. आणि एका सकाळी शेत हिरवे दिसू लागते.

‘प्रत्यारोपण’ या शब्दात ‘रोप’ लपलेलेच आहे. मूलपेशी देण्याआधी रुग्णाला चारसहा दिवस अतिशय तीव्र औषधे देतात, कधी किरणोपचारही करतात. ही झाली भाजणी. तिच्यात रोगट पेशी मरतात आणि नव्या पेशींना जागा होते. मग मूलपेशी शिरेतून देतात. ही लावणी. नंतरचे दोनतीन आठवडे रक्ताचे सगळे आकडे तळाला जातात. हे पिवळे दिवस. शेवटी नव्या पेशी मज्जेत रुजतात, आकडे वर येऊ लागतात, रोप धरले!

मात्र दाखला कितीही चांगला असला तरी तो कुठे लंगडा पडतो तेही पाहावे. पहिली गोष्ट, शेतात रोप हाताने लावावे लागते. मूलपेशी मात्र रक्तातून वाहत जाऊन आपली आपण हाडांत शिरतात. मज्जेतून सुटणारी काही रसायने त्यांना जणू हाक मारतात. दुसरी गोष्ट, रोप कधी शेताशी भांडत नाही. पण दुसऱ्याच्या मूलपेशींपासून तयार झालेल्या पांढऱ्या पेशी रुग्णाची त्वचा, आतडी, यकृत यांनाच परके समजून त्यांच्यावर हल्ला करू शकतात. ते आवरायला बरेच महिने औषधे घ्यावी लागतात. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. राब भाजल्यावर पाऊस आला नाही तर शेत एक वर्ष पडीक राहील. इथे भाजणी एकदा झाली की माघार नाही. नव्या पेशी मिळाल्याच पाहिजेत. म्हणून डॉक्टर आधी सगळी सिद्धता करतात आणि मगच पहिले औषध देतात.

भावंडांचे गणित

मूलपेशी कोणाच्या घ्यायच्या? काही आजारांत रुग्णाच्याच पेशी आधी काढून, जपून ठेवून परत देतात. इतर आजारांत दाता लागतो आणि तो कोणीही चालत नाही. आपल्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात. त्यांना एच. एल. ए. म्हणतात. फ्रान्सच्या झां दोसे यांनी अशी पहिली खूण १९५८ साली शोधली. १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक बाबांकडून. आईजवळ दोन चिठ्ठ्या आहेत समजा, अ आणि आ. बाबांजवळ क आणि ख. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक चिठ्ठी मिळते. म्हणजे जोड्या चारच: अक, अख, आक, आख. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, म्हणजे २५ टक्के.

करून पाहा: दोन नाणी घ्या. एक आईचे, एक बाबांचे. दोन्ही छापा पडले तर ‘जुळले’ असे लिहा. शंभर वेळा उडवा. किती वेळा जुळले? आता दोन भावंडे असतील तर? एकही न जुळण्याची शक्यता ३/४ गुणिले ३/४, म्हणजे ९/१६. म्हणून निदान एक जुळण्याची शक्यता ७/१६, सुमारे ४४ टक्के. तीन भावंडांचे गणित तुम्हीच करा.

ज्यांचे जुळत नाही त्यांचे काय? अँथनी नोलन नावाच्या मुलाला दाता मिळेना, तेव्हा त्याच्या आईने १९७४ साली लंडनमध्ये अनोळखी दात्यांची नोंदवही सुरू केली. अँथनी १९७९ साली गेला. नोंदवही राहिली आणि तिने पुढे कितीतरी लोकांना दाते मिळवून दिले. भारतात ‘दात्री’ ही नोंदणी संस्था २००९ पासून काम करते आहे. शिवाय आईबाबा आणि मूल यांच्या खुणा निम्म्या तर जुळतातच. नव्या औषधांमुळे अशा निम्म्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण करता येते.

उणे सात, उणे सहा, उणे पाच...

तुम्ही गणितात संख्यारेषा शिकला असाल. प्रत्यारोपणाच्या वॉर्डात दिवस तिच्यावरच मोजतात. मूलपेशी देण्याचा दिवस म्हणजे शून्य. त्याआधी सात दिवस औषधे सुरू झाली तर तो उणे सातवा दिवस. शून्यानंतर अधिक एक, अधिक दोन, असे अधिक शंभरपर्यंत.

तयारी मात्र त्याहून कितीतरी आधी सुरू होते. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांची तपासणी होते. दातांचीसुद्धा! किडलेल्या दातातले जंतू एरवी गप्प बसतात, पण पांढऱ्या पेशी संपल्या की तेच जंतू रक्तात शिरून जिवावर उठतात. छातीजवळच्या मोठ्या शिरेत एक मऊ नळी बसवतात, म्हणजे औषधासाठी रोज सुई टोचावी लागत नाही.

खोलीही खास असते. आत येणारी हवा बारीक गाळणीतून येते. मिलिमीटरच्या दोनतीन हजाराव्या भागाएवढे बुरशीचे बीजाणू त्या गाळणीत अडकतात. खोलीतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात. त्यामुळे दार उघडले तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. फुगवलेल्या फुग्याला भोक पडले तर हवा कोणत्या दिशेने जाते ते आठवा.

आणि शून्य दिवस? कित्येकांना वाटते, मोठी शस्त्रक्रिया असेल. तसे काही नाही. रक्ताच्या पिशवीसारखी एक पिशवी येते, टांगली जाते आणि थेंबथेंब रिकामी होते. दर किलो वजनामागे निदान २० लाख मूलपेशी हव्यात असा एक हिशेब आहे. म्हणजे ३० किलोच्या मुलाला सहा कोटी. एवढे सगळे त्या एका पिशवीत मावते.

आता ते तीन आकडे आठवा. कारखाना बंद झाला की कोणती पेशी आधी संपेल? जिचे आयुष्य सर्वांत कमी ती. आधी पांढऱ्या पेशी, मग बिंबिका, तांबड्या सावकाश. म्हणूनच पहिला धोका जंतूंचा, दुसरा रक्तस्रावाचा. बिंबिका आणि तांबड्या पेशी बाहेरून देता येतात, पांढऱ्यांची वाट पाहावी लागते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटर रक्तात सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या, की रोप धरले असे डॉक्टर म्हणतात.

वाट चाललेला सोबती

एवढे शास्त्र डॉक्टर समजावून सांगतात. मग उरते काय? समजा, पोलादपूरच्या वरच्या अंगाला एखाद्या वाडीत तुमच्याच वयाचा मुलगा आहे. त्याचे प्रत्यारोपण ठरले आहे. घरात कोणी असे नावदेखील ऐकलेले नाही. डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितले, “तोंडात फोड येतील, केस जातील, आकडे शून्यावर येतील.” तिने मान हलवली. पण वॉर्डाबाहेरच्या बाकावर दुसरी एक आई भेटते. ती म्हणते, “माझ्या मुलालाही आले होते. आता शाळेत जातो.” दोघींनी दिलेली माहिती एकच आहे, मात्र दुसऱ्या वाक्यात पुरावा आहे.

सहरुग्ण अशा कितीतरी गोष्टी सांगतात, ज्या छापील कागदावर एका ओळीत आटोपतात. केस आपोआप गळायची वाट पाहू नका, आधीच बारीक कापून घ्या. म्हणजे उशीवर झुबके दिसत नाहीत. खोलीत फुले आणि झाडे चालत नाहीत, म्हणून पुसता येतील अशा वस्तू न्या. गोठवून ठेवलेल्या पेशी दिल्या तर एकदोन दिवस खोलीला लसणासारखा वास येतो. घाबरू नका, तो पेशी टिकवणाऱ्या रसायनाचा वास. शून्य दिवशी काहीच घडल्यासारखे वाटणार नाही. निराश होऊ नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास सगळे बिघडले असे वाटेल. ते पिवळे दिवस आहेत, पुष्कळांना त्यांतून जावे लागते.

यांतल्या काही सूचनांमागे पक्के शास्त्र असते. मेल्फालान नावाचे औषध चालू असताना तोंडात बर्फाचे खडे ठेवायला सांगतात. कारण थंडीने तोंडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, तिथे रक्त कमी जाते, रक्ताबरोबर औषधही कमी जाते आणि फोड कमी येतात. पण हे औषध सर्वांना देत नाहीत. म्हणून बर्फाची गोष्ट कळली तरी आधी परिचारिकेला विचारायचे, मग करायची.

अशी सोबत आता योगायोगावर सोडलेली नाही. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून बऱ्या झाल्यावर १९९४ साली ‘व्ही केअर’ ही संस्था सुरू केली. इंडियन कॅन्सर सोसायटीने २००९ साली ‘उगम’ हा गट उभा केला. लहानपणी कर्करोग होऊन बरे झालेले, आता मोठे झालेले तरुण त्यात आहेत. सावित्रीचा उगम महाबळेश्वरला होतो हे तुम्हांला ठाऊक आहे. हा उगम मुंबईतला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत देशभरातून आलेले रुग्ण राहतात. २००६ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या घरांत आजारी मुले आणि त्यांचे आईवडील उपचार संपेपर्यंत विनामूल्य राहतात. अशा ठिकाणी शेजारच्या चुलीवर भात शिजवणारे कुटुंब आपल्यापुढे दोन महिने असते. कोणता कागद कुठे द्यायचा, मदतीसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात कोणत्या वेळी जायचे, हे तिथे कळते.

दात्यालाही सोबत लागते बरे का! मज्जा देणारे भावंड कधी कधी सहासात वर्षांचेच असते. त्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. त्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते, कमर थोडे दिवस दुखते. पण सगळे घर आजारी मुलाभोवती फिरत असते. “माझी मज्जा चांगली निघाली नाही तर?” ही भीती ते कोणाला सांगत नाही. अशा वेळी आधी मज्जा दिलेला दुसरा एखादा भाऊ पुष्कळ काम करतो.

सांगावे काय, सांगू नये काय

सोबत्याचे सांगणे मोलाचे खरे, पण त्यालाही मर्यादा आहेत. दोन शेतांत एकाच दिवशी लावणी झाली म्हणून ती एकाच दिवशी हिरवी होत नाहीत. रक्तातून गोळा केलेल्या मूलपेशी सहसा लवकर रुजतात, मज्जेतून काढलेल्या त्यांच्यामागून आणि नाळेच्या रक्तातल्या सर्वांत उशिरा. म्हणून “त्याचे आकडे चौदाव्या दिवशी आले, माझे का नाही?” ही तुलना चुकीची ठरते. कसे वाटते ते सोबत्याने सांगावे. काय घ्यावे ते डॉक्टरांनी. दुसऱ्याचे औषध, दुसऱ्याचा डोस, कोणाच्या ओळखीचा काढा, यांतले काहीही परस्पर घेऊ नये.

आणखी एक कठीण गोष्ट आहे. प्रत्यारोपण सर्वांचेच यशस्वी होत नाही. काहींचा आजार उलटतो, काहींना जंतुसंसर्ग गाठतो. बाकावर ओळख झालेला मित्र परत येत नाही, असेही घडते. मग ओळख करून घ्यावीच कशाला? सोबती जाण्याचे दुःख होते ते सोबत होती म्हणून. आणि सोबतीशिवाय ती वाट चालणे त्याहून अवघड. चांगला सोबती “काही होणार नाही, सगळे छान होईल” असे वचन देत नाही. तो एवढेच सांगतो, “पुढचे वळण असे आहे. मी ते पाहिले आहे.”

शंभर दिवस आणि सावित्रीचा पूर

टाटा स्मारक केंद्राचा प्रत्यारोपण विभाग २००७ पासून खारघरला आहे. खारघर म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्याचे वरचे टोक. तरी महाडहून तिथवर सव्वाशे किलोमीटर जावे लागते, पोलादपूरहून आणखी थोडे. बरे वाटू लागले की मुलाला घरी जायची ओढ लागते. डॉक्टर मात्र दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णाला साधारण शंभर दिवस जवळच राहायला सांगतात. का?

पांढऱ्या पेशी कमी असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, की तो साधा ताप नसतो. तासाभरात औषध सुरू व्हावे लागते. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा जुना पूल पुरात वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्यात बुडाले, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूरकडेही दरडी आल्या, वाटा बंद झाल्या. तिथे नवा पूल उभा राहिला आहे. पण आषाढातल्या पावसाला ‘आमच्या मुलाचा आज अधिक चाळिसावा दिवस आहे’ हे कसे कळणार? शिवाय पुराच्या चिखलात, ओल्या भिंतींवर बुरशी आणि जंतू वाढतात. म्हणून इथल्या कुटुंबाने तयारी करताना पावसाळा कधी येतो तेही पाहावे, मुक्कामाची सोय आधी करावी आणि घरी परतण्याचा दिवस डॉक्टरांशी बोलून ठरवावा. ही गोष्ट त्यांना आधी कोण सांगेल? याच खोऱ्यातून त्यांच्याआधी जाऊन आलेले कुटुंब.

वर्गात परत आल्यावर

असा मित्र कित्येक महिन्यांनी तुमच्या वर्गात परत येईल. डोक्यावर बारीक केस, तोंडावर मुखपट्टी. त्याच्यापासून तुम्हांला काहीही होणार नाही. तुमच्या सर्दीपासून त्याला होऊ शकते. म्हणून शिंका येत असतील त्या दिवशी तुम्हीच त्याच्यापासून दूर बसा. तो दोन तासांनी दमेल. ते ढोंग नव्हे. गोवर, धनुर्वात यांच्या लशी त्याला लहानपणी दिल्या होत्या, पण ती आठवण जुन्या पांढऱ्या पेशींबरोबर पुष्कळशी पुसली गेली. वेळ आली की डॉक्टर त्याला तान्ह्या बाळासारखे पुन्हा लसीकरण करतील. आणि एक गंमत! दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर त्याचाही रक्तगट बदलतो. आधी बी असलेला मुलगा ओ गटाचा होऊन येतो. त्याच्या रक्तातली गुणसूत्रे त्याच्या बहिणीची असू शकतात, मात्र गालाची त्वचा त्याचीच.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तुम्हांला दाता म्हणून नाव नोंदवता येईल. त्यासाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, बस्स. कदाचित कधीच बोलावणे येणार नाही, कदाचित दहा वर्षांनी येईल. आले तर आधी घरच्यांशी बोला, पुरते समजून घ्या, आणि मग ठाम राहा. कारण पलीकडे कोणाची तरी भाजणी सुरू झालेली असेल आणि तिथून माघार नसते.

पण अठरा वर्षांचे होईपर्यंत थांबायचे कारण नाही. परत आलेल्या त्या मित्राला गणिताच्या वह्या द्या, बुडलेले धडे सांगा. आणि त्याला हवे असेल तेव्हा त्याची हकिगत त्याच्या शब्दांत ऐका, जमल्यास त्याच्याबरोबर लिहून काढा. महाडच्या किंवा पोलादपूरच्या पुढच्या मुलाला शून्य दिवसाआधी वाचायला ती उपयोगी पडेल.